न जन्मलेल्या थिसलटनचं चरित्र

ऑब्रे थिसलटन हा इंग्लिश आर्किटेक्ट १८७१ साली श्रॉपशर परगण्यात जन्मला, असं अल ऐनमधल्या एका पितळी पाटीवर लिहिलेलं आहे. साफ खोटं. तो जन्मला दुबईत, आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, एका सोमवारी दुपारी. त्याची आई अर्चना त्या वेळी भयंकर चिडलेली होती आणि मी तिच्या शेजारीच बसले होते, म्हणजे सुईणीचा मान माझा.

मी लतिका. अर्चना घरांचे नकाशे काढते आणि मी त्यांची चित्रं करते. अजून न बांधलेल्या घरापुढे कॉम्प्युटरवर झाडं लावायची, कोवळं ऊन पाडायचं, हसरं कुटुंब उभं करायचं, हा माझा धंदा. नसलेलं असल्यासारखं दाखवायचा मला पगार मिळतो, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल माझ्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा कुणी करू नये.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नकाशा कितीही चांगला असो, कुणाच्या तरी मोठ्या नावाला चिकटवल्याशिवाय तो पास होत नाही. गॅलरी असली तर ती बार्सिलोनाची, जिना असला तर तो व्हेनिसचा. "रेफरन्स काय?" हा क्लायंटचा पहिला प्रश्न. आमचे बॉस रामेश्वर सर मूळचे नागपूरचे, केस दुबईत पांढरे केलेले. ते प्रत्येक नवीन माणसाला सांगतात, "डिझाइन चांगलं असून भागत नाही बाप्पा, त्याला खानदान पाहिजे." सर वाईट नाहीत. पण साहेबी नाव ऐकलं की त्यांची पाठ आपोआप वाकते, आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे अल ऐनचं काम होतं, दुबईपासून दीड तासावर, वाळवंटात. खजुराच्या बागेशेजारी ओळीने दुमजली घरं. अर्चनाने प्रत्येक घरापुढे पडवी काढली. उतरत्या छपराखाली घराच्या लांबीएवढी मोकळी, सावलीची जागा आणि बसायला कट्टा. ती गुहागरकडची. तिचं म्हणणं सरळ होतं: अल ऐनची हवा कोरडी, सावलीत माणूस टिकतो. भिंतीवर ऊन पडलं नाही की एसीचा जीव वाचतो, आणि संध्याकाळी शेजारणीचं तोंड तरी दिसतं. नाहीतर इथे गाडीतून उतरा, दार लावा आणि आत बसा. मला विचाराल तर आमच्या ऑफिसातून बऱ्याच वर्षांत निघालेली ती एकमेव शहाणी रेघ होती.

क्लायंटने ती पुन्हापुन्हा परत पाठवली. "लेबर कॅम्पसारखं दिसतं," असं मार्केटिंगमधल्या एका महाभागाने कळवलं. शेवटी क्लायंटची प्रोजेक्ट डायरेक्टर स्वतः मीटिंगला आली. तिचं नाव अफनान. एमिराती, पस्तिशीची, अंगातल्या काळ्या अबायाची इस्त्री कडक आणि बोलणं त्याहून कडक. तिने पडवीवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

"माझी," अर्चना म्हणाली.

अफनानने फोन उचलला आणि मेसेज बघायला लागली. रामेश्वर सरांनी डोळ्यांनी खूण केली, सोडून दे. अर्चनाचे कान लाल झाले. तिला ती पडवी हवी होती, आणि पडवी तिची आहे हे कुणीतरी एकदा म्हणायलाही हवं होतं. दोन्ही मिळत नाहीत असं दिसल्यावर तिने त्यातल्या त्यात पडवी धरली.

"म्हणजे मी फक्त ती आजच्या काळात आणली," ती शांतपणे म्हणाली. "मूळ कल्पना ऑब्रे थिसलटनची."

अफनानने फोन खाली ठेवला. "कोण?"

"इंग्लिश आर्किटेक्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. लंडनमध्ये नाव काढलं, मग सरकारी नोकरीत हिंदुस्थानात आला, रत्नागिरीला. तिथली घरं बघून वेडा झाला. उष्ण देशात घर सावलीपासून सुरू होतं, असं तो म्हणायचा."

"त्याची घरं कुठे बघायला मिळतील?"

"लंडनमधली सगळी बॉम्बहल्ल्यात गेली. नकाशेसुद्धा जळाले." हे अर्चना इतक्या हळहळीने म्हणाली की मलाही वाईट वाटलं.

ज्याचं काहीच उरलं नाही अशा माणसाबद्दल लोकांना फार आदर वाटतो. अफनान म्हणाली, "बिचारा." रामेश्वर सर म्हणाले, "थिसलटन! अरे वा! आम्हाला कॉलेजात होता." पडवी पास झाली.

पुढे थिसलटन आमच्या हातात राहिला नाही. मार्केटिंगला त्याचं चरित्र हवं झालं. अर्चनाने जेवणाच्या सुट्टीत ते रंगवून दिलं आणि मी डब्यातली भाकरी खाता खाता भर घातली. तो एका बिस्किटवाल्या शेठाचा बंगला बांधताना शेठाशी भांडला. बायकोच्या हट्टापायी त्याने मिशी ठेवली. म्हातारपणी डेव्हनमध्ये काचेची खोली बांधून तिच्यात त्याने हापूसची कोय लावली आणि रोज सकाळी तिला गुड मॉर्निंग म्हणाला. ही काचेची खोली अर्चनाची. मला ती तेव्हा फार आवडली होती.

मग फोटो मागितला. मी माझ्या सासऱ्यांचा घेतला. आमचे मामंजी विष्णुपंत, कराडचे निवृत्त हेडमास्तर. महाबळेश्वरला फोटोवाल्याची हॅट घालून काढलेला त्यांचा एक जुना फोटो होता. कॉम्प्युटरला सांगून मी रंग उजळ केला, मिशीला पीळ दिला, गळ्याला ताठ कॉलर चढवली. इतका रुबाबदार साहेब विलायतेतही झाला नसेल.

चूक एवढीच झाली की मामंजी तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे डिस्कव्हरी गार्डन्सला आलेले होते, आणि हे होर्डिंग शेख झायेद रोडला लागलं. गाडीतून जाताना ते एकदम ताठ बसले.

"लतिका, मी विलायतेला कधी गेलो होतो गं?"

"मामंजी, तो साहेब आहे. तुमच्यासारखा दिसतो थोडा."

"थोडा? नाक तर सरळ आमच्या घराण्याचं आहे." मग त्यांनी मुलाला पुढच्या एक्झिटने गाडी वळवून परत आणायला लावली, होर्डिंगचा फोटो काढला आणि कराडच्या ग्रुपवर टाकला. आत्याबाईंनी खाली हात जोडले.

अर्चना आमच्याच कॉलनीत, दोन इमारती सोडून राहते. तिचा नवरा उपेंद्र रुवैसच्या रिफायनरीत आहे, सुट्टीला घरी येतो. मुलगी केया नऊ वर्षांची, इथेच वाढलेली. होर्डिंग बघून केयाने आईला विचारलं, "मम्मा, इज ही रिअल?" अर्चना म्हणाली, "जेवून घे." केया म्हणाली, "सो ही इज नॉट." पोरीला आमच्या सगळ्या ऑफिसपेक्षा जास्त अक्कल आहे.

आता खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो येणारच होता. तो लिननचं जाकीट घालून आला.

नायजेल थिसलटन. पंचेचाळिशीचा, गोरा, उन्हाने भाजलेला, दुबईत बरीच वर्षं "ब्रँडिंग" करणारा. होर्डिंग पाहून तो थेट क्लायंटकडे गेला आणि म्हणाला, "हा माझा पणजोबा." क्लायंटने त्याला आमच्याकडे पाठवलं. आमच्या रिसेप्शनला मी केलेलं चित्र मोठं करून लावलेलं होतं. त्याच्यासमोर नायजेल उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाला, "तेच नाक."

कराडच्या नाकाकडे बघून हा इंग्रज रडत होता! अर्चनाने मला असा चिमटा काढला की वळ उठला. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, मेल्या, तो माझा सासरा आहे. पण बोलणार कसं? तू पणतू नाहीस, हे सांगायचं तर पणजोबाच नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. आणि पणजोबा नाही म्हटलं की पडवी गेली. त्याला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. माझ्या मते त्याला थिसलटन खरा वाटत होता, फक्त आपण त्याचे कोणी नाही एवढंच त्याला माहीत होतं. शेरास सव्वाशेर.

रामेश्वर सरांनी त्याला स्वतःच्या हाताने खजूर दिले. आठवड्याभरात तो प्रोजेक्टचा "वारसा सल्लागार" झाला, आणि पहिला सल्ला त्याने असा दिला की पडवी काढून टाका.

"आमच्या घरात नेहमी सांगायचे," तो म्हणाला, "पणजोबांना शेवटी पडवीचा पश्चात्ताप झाला होता. त्यांचं खरं स्वप्न म्हणजे काच. डेव्हनची ती खोली आठवा, तो आंबा! प्रत्येक घरापुढे एक काचेची खोली हवी."

अल ऐनला, जुलैत, काचेची खोली! तिच्यात कोय लावली असती तर आंबा नव्हे, सरळ आमरसच निघाला असता. पण सर माना डोलवत होते आणि अफनानने विचार करते म्हणून सांगितलं. आपलीच थाप आपल्या पडवीच्या मुळावर आलेली बघून अर्चना बाथरूममध्ये जाऊन रडली. मी बाहेर उभी राहून त्या हापूसच्या कोयीला शिव्या दिल्या.

शनिवारी दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. उपेंद्र सुट्टीवर होता आणि कांदा चिरत होता. हमीदभाईही आले होते. हे रत्नागिरीकडच्या हर्णैचे, शारजात लाकडाचा मोठा व्यापार, पोट आणि दाढी दोन्ही भरघोस. अल ऐनच्या नमुना घराची पडवी त्यांच्याच लाकडाची उभी राहिलेली होती. बायको जुलेखाने दिलेला खाजा घेऊन ते खास आले होते, कारण त्यांना बाजारात एक बातमी लागली होती.

"अर्चनाताई, तो तुमचा गोरा आहे ना, त्याच्याकडे काचेच्या खोल्यांची एजन्सी आहे. सहा महिने झाले, एक खोली खपली नाय. आता अक्खी कॉलनी घ्यायला निघालाय."

"अफनानला सांगून टाकते," मी म्हणाले.

"तो म्हणेल, एजन्सी आहे म्हणून पणतू नाही असं थोडंच आहे?" अर्चना म्हणाली. "तो पणतू आहे तोवर त्याचंच चालणार."

उपेंद्र कांद्याचे डोळे पुसत म्हणाला, "मग त्याच्यापेक्षा मोठा पणतू आणा."

मग अर्चना आणि मी, दोघींनी एकदमच हमीदभाईंच्या डोळ्यांकडे बघितलं. हमीदभाईंचे डोळे घारे आहेत. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत असतात तसे, हिरवट.

"नाय हां," हमीदभाई खाजा खाली ठेवून म्हणाले. "मी झूट बोलणार नाय. हजला जाऊन आलोय मी."

"खोटं नका बोलू," अर्चना म्हणाली. "विचारलं तेवढंच खरं सांगा."

हमीदभाईंनी दाढीवरून हात फिरवला. त्यांना मोह झालेला स्पष्ट दिसत होता. "खरं सांगून तुमचं काम होत असेल, तर मग अल्लाची मर्जी," ते म्हणाले आणि खाजा परत उचलला. बाहेरच्या खोलीतून केया ओरडली, "यू ऑल आर सो बॅड!"

नमुना घर बघायला अफनान आली तो ऑक्टोबर होता, पण ऊन मे महिन्याचं. नायजेल काचेच्या खोलीचे गुण सांगत होता आणि बोलता बोलता पडवीच्या सावलीत सरकत होता. शेवटी तो कट्ट्यावर टेकला आणि रुमालाने मान पुसू लागला. रामेश्वर सर त्याला पाण्याची बाटली उघडून देत होते.

"नायजेल," अर्चना गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या पणजोबांच्या रत्नागिरीच्या संसाराबद्दल तुमच्या घरात बोलत असतीलच ना?"

नायजेलचा हात मानेवरच थांबला. नाही म्हणावं तर घरची माहिती नाही असं दिसणार. "अर्थात," तो म्हणाला. "म्हणजे... हळू आवाजात बोलायचे."

"मग यांना भेटा. रत्नागिरीचे आहेत."

हमीदभाई पुढे झाले. पांढरा सदरा, अत्तराचा वास, घारे डोळे. अफनान त्यांच्याकडे बघतच राहिली. इथल्या बऱ्याच लोकांसारखं तिला हिंदी येतं. तिने विचारलं, "आप रत्नागिरी से?"

"जी मॅडम. हर्णै गाव. रत्नागिरी जिल्हा."

"ये आँखें?"

"दादा की. उनकी भी ऐसी ही थीं."

"वहाँ कोई अंग्रेज रहता था?"

"रहता था मॅडम. किले के पास बंगला था. दादी बताती थी."

एकूण एक शब्द खरा होता. पण पुढचा प्रश्न येणारच होता आणि तो आला. तो साहेब तुमचा पणजोबा होता का?

हमीदभाईंनी आकाशाकडे बघितलं. "अल्ला जाने, मॅडम. हमारे यहाँ बड़ों से ऐसे सवाल नहीं पूछते."

अफनानने मान खाली घातली. हे तिला शंभर टक्के पटलं. तिच्या घरातही कुणी विचारलं नसतं. ती नायजेलकडे वळली. आता त्याने काय करावं? हा माझा कोणी नाही म्हणावं, तर मग तुझा तरी पुरावा काय, असा प्रश्न आला असता. तो उठला, हात पसरले आणि म्हणाला, "कझिन!" हमीदभाईंनीही त्याला मनापासून मिठी मारली. पाहुण्याला मिठी मारणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

"तुमच्यात मोठं कोण?" अफनानने विचारलं.

याचं उत्तर दाढीच देत होती. मोठा बसलेला असताना धाकट्याने निर्णय घ्यायचा, हे ना अल ऐनला चालतं ना हर्णैला. अफनान हमीदभाईंच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि काच की पडवी, असं तिने विचारलं.

"मॅडम, आमच्या घरी पडवी आहे," हमीदभाई म्हणाले. "बहिणींचे निकाह तिथे झाले. जाळी तिथेच विणतो, भांडणं तिथेच मिटवतो. अब्बांचा जीव तिथे गेला, बाहेर बघत बघत. काचेत काय करणार? काचेत टोमॅटो ठेवतात." हे सगळं ते हिंदीत म्हणाले आणि म्हणताना त्यांचा आवाज ओला झाला. तेही खरंच होतं.

"खलास," अफनान म्हणाली. "पडवी राहील."

परतीच्या रस्त्यावर आम्ही गाडीत इतक्या हसलो की अर्चनाला गाडी बाजूला घ्यावी लागली. आम्ही जिंकलो होतो ना! मला वाटलं, झालं, साहेबाला आता शांतपणे झोपू द्यावं.

वर्ष उलटून पुढच्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं. घरं भरली होती. पडव्यांमध्ये लोकांनी आपापलं काही ना काही मांडलेलं होतं. कुठे झोपाळा, कुठे सायकली, एका ठिकाणी दोन आज्या, एक मलयाळी आणि एक सीरियन, एकमेकींची भाषा येत नसताना मजेत मटार सोलत होत्या. अर्चना त्यांच्याकडे किती वेळ बघत उभी होती. तिच्या मागे पितळी पाटी होती: "रचना, ऑब्रे थिसलटन, जन्म १८७१, श्रॉपशर." खाली आमच्या ऑफिसचं नाव. तिचं नाव कुठेच नव्हतं.

अफनान तिच्याजवळ आली. "किती समजूतदार माणूस असेल," ती म्हणाली. "हे बघायला तो असायला हवा होता."

बस्स. अर्चनाचा बांध फुटला.

"तो नव्हताच," ती म्हणाली. "थिसलटन नावाचा कोणी माणूस झालाच नाही. मी बनवला. हे मी काढलंय, अफनान. ही पडवी, हा कट्टा, त्याची उंची, सगळं. माझी म्हटलं तेव्हा तुम्ही फोन बघायला लागलात, म्हणून बनवला."

तिचा आवाज चढला होता. रामेश्वर सर, नायजेल, हमीदभाई, सगळे जमले. मी पुढे होऊन म्हणाले, "खरं आहे. तो फोटो माझ्या सासऱ्यांचा आहे. कराडचे आहेत ते."

मग रामेश्वर सर हळूच म्हणाले, "अर्चनाने फार मेहनत घेतली हो यावर. दोन वर्षं सुट्टी नाही." नायजेल मान हलवून म्हणाला, "पणजोबांच्या कामात माणूस असा हरवून जातो." म्हणजे तो अजून पणतूच होता. अफनानने हमीदभाईंना विचारलं. हमीदभाई, जे खोटं बोलत नाहीत, ते म्हणाले, "मॅडम, बाई खरं बोलते. तिनेच काढलंय."

"बघा," अफनान सगळ्यांना म्हणाली, "स्वतःच्या घराण्याचा मोठेपणा दुसऱ्याला देतायत. याला म्हणतात खानदान." मग तिने अर्चनाचे दोन्ही हात हातात घेतले. "हबीबती, मोठ्या माणसाबरोबर इतके दिवस काम केलं की असं वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

आम्ही सगळे मिळून खोटं बोलत होतो तेव्हा जगाने डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि आता सगळे खरं बोलत होतो तर आम्हाला पाणी पाजून सावलीत बसवलं. मला कुणाला तरी बडवावंसं वाटत होतं. अर्चना मात्र हसलीसुद्धा नाही, हे मला जास्त लागलं.

पुढचं काम रुवैसचं आलं. रिफायनरीतल्या कुटुंबांसाठी घरं. थिसलटनचे आणखी नकाशे नाहीत म्हटल्यावर अफनानने तोड काढली: अर्चनाने काढावं, पण थिसलटनच्या शैलीत. शैली बरोबर आहे की नाही, हे नायजेल तपासणार. मोठा पणतू म्हणून हमीदभाईंनाही विचारलं होतं, पण ते म्हणाले, दुकान कोण बघणार. म्हणजे अर्चनाने आता अर्चनाची नक्कल करायची होती आणि ती नीट जमली का हे एका काचवाल्याने सांगायचं होतं. मी तिला म्हणाले, नोकरी सोड. ती म्हणाली, बघू.

तिने महिनाभर मान वर न करता काम केलं. मलाही चित्रासाठी नकाशा द्यायला तयार नव्हती. मग तो थेट नायजेलकडे गेला आणि त्याचं उत्तर आलं. ते तिने माझ्या टेबलाशी येऊन मोठ्याने वाचलं: "सुंदर आहे. पण हे थिसलटनसारखं मुळीच वाटत नाही."

आणि ती हसायला लागली. उद्घाटनापासून अडकलेलं सगळं हसू बाहेर आलं असावं. अख्खं ऑफिस वळून बघू लागलं. रामेश्वर सर केबिनमधून बाहेर आले.

"काय झालं?"

"सर, नायजेल आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला," अर्चना डोळे पुसत म्हणाली. "हे थिसलटनचं नाही. माझं आहे. यावर माझं नाव जाणार असेल तरच हे जाईल. नाहीतर मी हे घरी नेते."

सरांनी नकाशा टेबलावर पसरला. मीही तो तेव्हाच पहिल्यांदा बघितला. घराच्या अगदी मधोमध एक खोली होती, जाड भिंतींची, रस्त्याकडे एकही खिडकी नसलेली. तिच्या एका बाजूला कपाटांची रांग, त्या पलीकडे मुलांची जागा. स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. खोलीत जायला बाहेरूनच एक वेगळी वाट. असं घर मी कुठल्याच देशातलं पाहिलेलं नव्हतं. सरांनी तोंड उघडलं, आणि नेहमीचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. पण त्यांनी तो गिळला. त्यांनी त्या खोलीवर बोट ठेवलं.

"ही खोली अशी मध्येच," ते म्हणाले, "हे तुला कसं सुचलं?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. सगळे विचारायचे, कोणाचं आहे? थिसलटनला काय कधी आणि कसं सुचलं, हे अर्चनाने झोपेतसुद्धा सांगितलं असतं, मिशीसकट. स्वतःचं सांगायची वेळ आली तर तिला सुरुवातच सापडेना. डोळे भरले होते ते तिने लपवले नाहीत.

"सर, लग्नानंतर आम्ही रुवैसलाच होतो," ती म्हणाली. "केया तीन महिन्यांची. उपेंद्रला नाइट शिफ्ट. तो दिवसा झोपायचा, आणि कुकरची शिट्टी नको म्हणून मी भात पातेल्यात करायचे, पोर रडायला लागली की तिला घेऊन जिन्यात जाऊन बसायचे..."

सरांनी शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यासमोर बसले. "मग?" ते म्हणाले.